त्रेसष्ट जणांचा रोखलेला श्वास

पिट्सबर्गजवळच्या आमच्या मॉन नदीच्या खोऱ्यात बर्फ पडलं की माणसं आधी फावडं बाहेर काढतात आणि मग खुर्ची. घरासमोर आपल्या गाडीपुरती जागा खणायची, गाडी घेऊन कामावर जायचं आणि त्या रिकाम्या जागेत स्वयंपाकघरातली जुनी खुर्ची ठेवून द्यायची. परत येईपर्यंत जागा तुमची. कायद्यात हे कुठेही लिहिलेलं नाही, पण खुर्ची कोणी हलवत नाही.

डॉक्टर सेयर कनेटिकटहून इथल्या हॉस्पिटलात एक्स-रे विभागाचे प्रमुख होऊन आले, तेव्हा पहिल्याच हिवाळ्यात त्यांनी शेजारच्या म्हातारीची खुर्ची उचलून फुटपाथवर ठेवली आणि तिथे आपली गाडी लावली. सकाळी गाडीवर बोटभर जाड बर्फ. ते आभाळातून पडलेलं नव्हतं, बागेतल्या पाइपने रात्री पाणी मारून गोठवलेलं होतं. डॉक्टर तासभर केस वाळवायच्या यंत्राने गाडीचं दार सोडवत होते आणि अख्खी आळी पडद्याआडून मजा बघत होती.

बर्नडेट हुडाक ही गोष्ट चवीने सांगायची. ती त्याच हॉस्पिटलात टेक्निशियन होती, वय पंचावन्न, आवाज घोगरा, चाल भरभर. बाप पोलाद कारखान्याच्या कोकभट्टीवर कामाला होता. अठराव्या वर्षी ती नन्सच्या हाताखाली एक्स-रे शिकली आणि नंतर तळघरातल्या अणुविभागात गेली. तिथे रुग्णाच्या शिरेत किंचित किरणोत्सारी औषध सोडायचं आणि ते शरीरात कुठे जाऊन बसतं त्याची चित्रं काढायची. सव्वीस वर्षं तिने हेच केलं. नवरा वारला, मुलगी लग्न होऊन ओहायोला गेली, भट्ट्या एकेक करून थंड झाल्या, दुकानांना फळ्या लागल्या. बर्नडेटचं तळघर मात्र चालू होतं.

त्या तळघरात तिचा एक जुना झगडा होता. वरच्या मजल्यावरचा सीटी स्कॅन शरीराचा चोख नकाशा काढायचा, पण कुठल्या गाठीत जीव आहे हे त्याला कळत नसे. खालचं पेट स्कॅन नेमकं तेच सांगायचं. कर्करोगाला साखरेची भूक फार, म्हणून किरणोत्सारी साखर टोचली की गाठ चुलीसारखी पेटलेली दिसते. पण चूल कुठल्या घरात पेटली, हे पेटला धड सांगता येत नसे. मग बर्नडेट काय करायची, तर वरून सीटीची फिल्म मागवायची, आपली फिल्म तिच्यावर ठेवायची आणि दोन्ही खिडकीच्या उजेडात धरून डोळे बारीक करायची. डॉक्टर तिला हसायचे. "बर्नी, पतंग उडवतेस का?" ती म्हणायची, "हसा. एक दिवस हेच काम यंत्र करेल, तेव्हा त्याला सलाम ठोकाल."

तसंच झालं. २००२च्या ऑक्टोबरात दोन्ही यंत्रं पोटात असलेला एकच स्कॅनर हॉस्पिटलात आला. भिंतीएवढा पांढरा, मधोमध बोगदा. पुढचा भाग सीटी, मागचा पेट, रुग्ण एकाच पलंगावरून दोन्हींतून जायचा आणि दोन्ही चित्रं आपोआप एकावर एक बसायची. बर्नडेटने पहिल्या दिवशी त्या यंत्रावर हात फिरवला आणि चक्क रडली. तिच्या पतंगाला अखेर कोणीतरी दोरी बांधली होती.

यंत्रं एक झाली, पण माणसं एक करायची आहेत हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. सीटी सेयर यांचं, पेट तळघरातल्या डॉक्टर फेल्डमन यांचं. स्कॅनर नक्की कोणाचा, यावरून दोघांत असं बिनसलं की चार दिवसांत बोलणंच बंद झालं. एका म्यानात दोन तलवारी. खोलीला दोन कुलपं लागली. एकाच रुग्णाचे दोन फॉर्म, दोन फायली, दोन अहवाल. सेयर वर बसून सीटीची चित्रं वाचायचे, फेल्डमन खाली बसून पेटची. एकावर एक बसवलेलं जे चित्र, ज्याच्यासाठी एवढं अवजड धूड भिंत पाडून आत घेतलं, ते दोघांपैकी एकही उघडत नसे. उघडलं असतं तर दुसऱ्याचं काम आपल्याला लागतं हे कबूल करावं लागलं असतं ना!

आणि मग श्वासाची गोष्ट आली.

"डॉक्टर, तुमची ती ध्वनिफीत बंद करू का?" बर्नडेटने पहिल्याच आठवड्यात सेयरना विचारलं. सीटी चालू झालं की यंत्रातून एक पुरुषी आवाज यायचा: खोल श्वास घ्या, श्वास रोखून धरा. जगातल्या साऱ्या सीटी खोल्यांत हेच चालतं. छाती फुगली की फुप्फुस स्वच्छ दिसतं.

"का बंद करायची?"

"सीटी काही सेकंदांत संपतं. माझं पेट वीस मिनिटं चालतं. वीस मिनिटं कोणी श्वास रोखून धरतं का? रुग्ण आपला नेहमीसारखा श्वास घेत पडलेला असतो. म्हणजे एक चित्र फुगलेल्या छातीचं, दुसरं साध्या छातीचं. एकावर एक कशी बसायची? छाती फुगली की लिव्हर खाली ढकललं जातं, डॉक्टर. चांगलं दोन-तीन बोटं."

सेयर यांनी चष्मा पुसला. ते माणूस म्हणून वाईट नव्हते, पण आपलं सीटी म्हणजे त्यांना देवघरातली मूर्ती वाटे. "बर्नडेट, सीटी हे सीटीसारखंच होईल. गेली वीस वर्षं होतंय तसं. तुमच्या पेटला जमवून घ्यायला सांगा."

"पेटला कान नाहीत, डॉक्टर."

"पण तुम्हाला आहेत ना?"

ती गप्प बसली. या गप्प बसण्याचा तिला पुढे फार राग आला. फेल्डमनकडे गेली, तर ते कॉफी ढवळत म्हणाले, "मी त्या माणसाशी बोलत नाही, तुला ठाऊक आहे." बस. बर्नडेटने बटण दाबलं आणि तो आवाज बोलू लागला. श्वास रोखून धरा. तिच्याकडे काळ्या पुठ्ठ्याची वही होती, किरणोत्सारी औषध किती टोचलं याची नोंद ठेवायला. त्या वहीत ऑक्टोबरपासून एकेक करून नावं चढत गेली. खोऱ्यातली नावं, म्हणजे तिच्या ओळखीची. कोणी शाळेतली स्वयंपाकीण, कोणी बापाचा सोबती. सतराव्या ओळीत डोलोरेस बेनेडिक, हॉस्पिटलच्या दारावरच्या वॉल्टची बायको. डोलोरेस जानेवारीत गेली.

फेब्रुवारीत चौसष्टावं नाव चढलं, एमिल सोल्टिस.

एमिल सोल्टिस अडुसष्ट वर्षांचा, आयुष्यभर भट्टीवर क्रेन चालवलेला. आतड्याचा कर्करोग वर्षापूर्वी कापून झाला होता आणि आता लिव्हरच्या अगदी वरच्या टोकाला एक गाठ निघाली होती. एकच. पिट्सबर्गच्या सर्जनने सांगितलं होतं, एकच असेल तर कापून काढतो, तुम्ही जगाल. दुसरीकडे कुठे पसरलं असेल तर कापण्यात अर्थ नाही. ते पाहायलाच स्कॅन होता.

"बर्नी पोरी, तुझा बाप असता तर म्हणाला असता, सोल्टिसला भट्टीत घातलं एकदाचं," बोगद्यात सरकताना तो म्हणाला.

"गप पडा, मिस्टर सोल्टिस. हललात तर पुन्हा घालेन."

"काय दिसलं ते सांगशील?"

"डॉक्टर सांगतील."

हे वाक्य ती सव्वीस वर्षं बोलत आली होती. टेक्निशियनने चित्र काढायचं, वाचायचं नाही. दिसलं तरी दिसलं म्हणायचं नाही. तो नियमच आहे, आणि बहुतेक वेळा शहाणपणाचा आहे.

लेंटचे, म्हणजे ख्रिस्ती उपवासाच्या चाळीस दिवसांतले शुक्रवार सुरू झाले. या दिवसांत आमच्याकडे मांस वर्ज्य आणि चर्चच्या तळघरात माशांची पंगत. बायका लांब टेबलाशी उभ्या राहून पिरोगी वळतात, बटाट्याचं सारण भरून करंजीसारख्या कडा चिमटतात. तळणीवर पुरुष. बावीस वर्षं मोठ्या कढईवर एमिल असायचा. त्या शुक्रवारी दुपारी बर्नडेट पिठाचे हात घेऊन वळली, तर एमिल आपला एप्रन काढून एका तरुण माणसाच्या गळ्यात अडकवत होता.

"तेल फार तापू देऊ नकोस," तो त्याला सांगत होता. "मासा टाकलास की लगेच उलथू नको. पुढच्या वर्षी ओरडायला मी नसेन."

"नसाल म्हणजे?" बर्नडेट म्हणाली. "ऑपरेशननंतर फ्लोरिडाला पळताय की काय?"

एमिलने हात पुसले. "ऑपरेशन नाही गं. रद्द केलं. फुप्फुसातही निघालंय म्हणे. लिव्हरमधली गाठ औषधाने मेली, पण फुप्फुसात नवी जिवंत झालीय. सर्जन म्हणाला, आता कापाकापी नको, घरी बसा." मग तो हसला. "बायकोला, आयरीनला सांगितलंय, माझी खुर्ची फेकू नको, पुढच्या हिवाळ्यातही जागा धरायला लागेल. ती गाडी चालवतेच की."

बर्नडेटच्या हातातली पिरोगी तशीच राहिली. फुप्फुसात? तिने ती चित्रं काढली होती. गाठ किती मोठी, कशा आकाराची, एका बाजूने चेपलेल्या शेंगदाण्यासारखी, हे तिच्या डोळ्यांसमोर होतं. लिव्हरमधली मेली आणि फुप्फुसात नेमकी तशीच, तेवढीच, चेपलेली नवी उगवली? एकदम तिला तो आवाज ऐकू आला. श्वास रोखून धरा. टेबलापलीकडे वॉल्ट बेनेडिक एकटाच ताट घेऊन बसला होता, तिकडे तिला बघवेना.

"काय झालं?" एमिलने विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. आणि पहिल्यांदाच तिला आपल्या त्या सव्वीस वर्षांच्या वाक्याची किळस आली, पण ते तिने उच्चारलंच. "डॉक्टर सांगतील तसं करा."

सोमवारी सकाळी तिने एमिलचा स्कॅन उघडला. पेटची दोन चित्रं साठवलेली असतात. एक सीटीच्या मदतीने पक्कं केलेलं, ते डॉक्टर वाचतात. दुसरं कच्चं, सीटीचा हात न लागलेलं, ते कोणी बघत नाही. बर्नडेटने कच्चं लावलं. त्यात लिव्हरची धूसर कड दिसत होती आणि पेटलेली गाठ त्या कडेच्या आत बसली होती, अगदी वरच्या टोकाला, जिथे ती आधीपासून होती तिथेच. मग तिने सीटी लावलं. त्यात फुगलेल्या छातीने लिव्हर खाली ढकललेलं आणि तीच गाठ तीन बोटं खाली. सेयरना गाठ खाली दिसली, त्यांनी लिहिलं, लिव्हरमध्ये गाठ आहे, फुप्फुस स्वच्छ. फेल्डमनना पेटलेला ठिपका वर दिसला. सीटीत पाहिलं तर त्या जागी फुप्फुस. त्यांनी लिहिलं, फुप्फुसात गाठ, लिव्हरमधली थंड. पिट्सबर्गच्या सर्जनने दोन अहवाल बेरीज करून वाचले. एकच गाठ दोनदा मोजली गेली आणि एका माणसाला घरी बसून मरायला सांगितलं.

ती फेल्डमनकडे गेली. त्यांनी चित्र पाहिलं, कपाळ चोळलं.

"तू म्हणतेस तसं असेलही, बर्नी. पण मी काय करू? फुप्फुस कुठे आहे हे मला सीटी सांगतं. सीटीने चुकीच्या जागी दाखवलं, तर तो वरच्याचा दोष."

"मग वर चला ना माझ्याबरोबर! दोन मिनिटं. एका पडद्यासमोर दोघं उभे राहा."

"तो खाली आला तर बघू."

ती वर गेली. सेयरनी आपला अहवाल पुढे केला. "वाचा. फुप्फुस स्वच्छ, असंच लिहिलंय मी. चुकीचं एक अक्षर दाखवा."

"चुकीचं नाहीच, डॉक्टर. त्यांचंही चुकीचं नाही. दोघंही बरोबर आहात आणि माणूस मरतोय!"

"आवाज खाली. आणि एक सांगा, हे स्कॅन तुम्ही वाचताय कुठल्या अधिकाराने?"

या प्रश्नाने बर्नडेट जी पेटली, ती मग विझलीच नाही. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांनी खाली चालणाऱ्याला अधिकार विचारावा! पलंगावर माणसाला ती झोपवते, गारठलेल्या पायांवर पांघरूण ती घालते, बटण ती दाबते. आणि बघायला मात्र तिला डोळे नसावेत.

तिने कागद घेतला आणि लिहिलं: "एमिल सोल्टिस यांच्या दोन गाठी नाहीत, एकच आहे. सीटीच्या वेळी श्वास रोखला होता, पेटच्या वेळी नाही. पेटचं कच्चं चित्र मागवून पाहा. बर्नडेट हुडाक, टेक्निशियन." नाव ठळक घातलं. टेक्निशियनने परस्पर सर्जनला लिहिणं म्हणजे नोकरीवर पाणी, हे तिला माहीत होतं. कागद फॅक्सच्या तोंडात घातला आणि तो पलीकडे पोचल्याची पावती येईपर्यंत तिथेच उभी राहिली.

सर्जन मात्र भला माणूस निघाला, किंवा निदान घाबरलेला. दुपारी त्याने फेल्डमनना फोन केला, मग सेयरना, आणि दोघांनाही जे ऐकवलं ते आमच्याकडे कोणी नीट सांगत नाही, कारण दार बंद होतं. पण गुरुवारी एमिलचा स्कॅन पुन्हा लावला गेला. बर्नडेटने यंत्राचा आवाज आधीच बंद केला होता.

"आज तो बाबा बोलत नाही?" एमिल बोगद्यातून म्हणाला.

"आज मी बोलणार. श्वास रोखायचा नाही. सोफ्यावर बसून मॅच बघताना घेता तसा घ्या."

"आपली टीम हरताना की जिंकताना?"

"मिस्टर सोल्टिस, गप पडा हो!"

दोन्ही चित्रं एकावर एक आली आणि ठिपका लिव्हरच्या आत जाऊन बसला. फुप्फुसात काही नाही. पडद्यासमोर ती एकटीच होती. तिने चष्मा काढून डोळे पुसले आणि मग एक सणसणीत शिवी हासडली. मार्चअखेरीस पिट्सबर्गला ऑपरेशन झालं, गाठ निघाली, एमिल घरी आला.

आता बर्नडेटला काय मिळालं ते ऐका. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! तिच्या फायलीत ताकीदपत्र लागलं: आपल्या कामाच्या मर्यादेबाहेर जाऊन वैद्यकीय मत दिल्याबद्दल. त्याच आठवड्यात खोलीच्या दारावर नवा कागद चिकटला: यापुढे एकत्र स्कॅनमध्ये रुग्णाला नेहमीसारखा श्वास घेऊ द्यावा. खाली सेयर आणि फेल्डमन, दोघांच्याही सह्या. स्कॅनर आल्यापासून दोघांनी मिळून सही केलेला तो पहिला कागद. जणू मध्यरात्री दोघांच्या स्वप्नात येऊन कोणी हे ज्ञान सांगून गेलं होतं.

ताकीदपत्राचं तिला काही वाटलं नाही. तिने ते घडी करून वहीत ठेवलं आणि वही घेऊन हॉस्पिटलच्या व्यवस्थापक बाईंकडे गेली.

"एमिल सोल्टिसनंतरच्या थोड्यांना पुन्हा बोलावलंय, पण त्याच्या आधी त्रेसष्ट जण आहेत. सगळ्यांचा श्वास असाच रोखला होता. त्यांची चित्रं दोन्ही डॉक्टरांनी एकत्र बसून पुन्हा बघायला हवीत."

"बर्नडेट, कागद निघालाय ना? पुढे असं होणार नाही."

"पुढचं नाही विचारत मी. मागचं विचारतेय."

"मागचं उकरून काय मिळणार? लोकांना उगीच धक्का. आणि रुग्णांच्या गोपनीयतेचा प्रश्न आहे." बाईंनी तिचा हात थोपटला. "तुम्ही एकाला वाचवलंत. समाधान माना."

तीन आठवडे तिने अर्ज केले. फेल्डमन म्हणाले, सेयर तयार असतील तर मी तयार. सेयर म्हणाले, फेल्डमननी लेखी मागणी करावी. एप्रिल संपत आला.

रविवारी चर्चच्या प्रार्थनेनंतर ती एमिलकडे हालुश्की घेऊन गेली. कोबी आणि लोण्यात परतलेल्या शेवया, त्या त्याला पचू लागल्या होत्या. एमिल अंगणात बसला होता जागा धरायच्या त्याच खुर्चीवर, स्टीलचे पाय, पिवळी गादी, फाटल्या जागी काळी चिकटपट्टी. बर्फ संपलं की खोऱ्यातल्या खुर्च्या पुन्हा बसायच्या होतात.

त्याने आभार मानले नाहीत. दोन घास खाल्ले आणि विचारलं, "बर्नी, माझ्या आधी किती जण त्या बाबाचं ऐकून श्वास धरून बसले होते?"

"त्रेसष्ट."

"त्यांचं काय?"

"बघत नाहीत. म्हणतात, समाधान मान." आणि एवढं बोलून ती जी रडायला लागली, ती थांबेना. "प्रत्येक वेळी बटण मी दाबलंय, मिस्टर सोल्टिस. मला माहीत होतं. पहिल्या आठवड्यात माहीत होतं. मी गप्प बसले."

एमिलने तिला रडू दिलं. मग काठीच्या आधाराने उठला आणि खुर्ची पायाने तिच्याकडे सरकवली. "ही घेऊन जा. त्या कनेटिकटवाल्याला खुर्ची म्हणजे काय ते ठाऊक आहे."

सोमवारी बर्नडेटने रजा टाकली आणि सकाळी साडेसातला खुर्ची काखेत मारून हॉस्पिटलात शिरली. सेयर यांच्या वाचनखोलीच्या दारासमोर, बरोबर मधोमध, ती ठेवली आणि मांडीवर काळी वही घेऊन बसली. आत जायचं तर खुर्ची हलवायला हवी.

सेयर आठला आले. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं. पिवळी गादी, काळी पट्टी. गाडी बर्फाने गोठल्याची ती सकाळ त्यांच्या चेहऱ्यावर साफ दिसली.

"बर्नडेट, हा काय तमाशा?"

"जागा धरलीय, डॉक्टर. त्रेसष्ट जणांची."

"बाजूला व्हा."

"मी होते बाजूला. खुर्ची तुम्ही हलवा."

त्यांचा हात पुढे आला आणि मागे गेला. कॉरिडॉरमध्ये सफाईवाला थांबला, दोन नर्स थांबल्या, सगळे इथलेच. सेयरनी भिंतीवरचा फोन उचलून दारावरच्या वॉल्टला बोलावलं. वॉल्ट बेनेडिक, साठीचा, किल्ल्यांचा जुडगा वाजवत आला.

"ही खुर्ची इथून काढा," सेयर म्हणाले.

वॉल्टने खुर्ची पाहिली, बर्नडेटच्या मांडीवरची वही पाहिली. एमिल सोल्टिसची गोष्ट खोऱ्यात एव्हाना सगळ्यांना माहीत होती.

"खुर्ची कोणी हलवत नाही, डॉक्टर."

"वॉल्ट, मी तुम्हाला सांगतोय."

"ऐकलं मी." तो बर्नडेटकडे वळला. त्याचा आवाज बदलला होता. "डोलोरेस कितवी आहे गं?"

तिला वर बघवेना. "सतरावी."

"तिलाही फुप्फुसात सांगितलं होतं. म्हणून कापलं नाही." त्याने टोपी काढून हातात घेतली आणि खुर्चीच्या पाठीशी उभा राहिला. "बघा मग. मी इथेच आहे."

मग सेयर यांनीच फोन लावला, आणि गेल्या ऑक्टोबरनंतर पहिल्यांदा ते त्या माणसाशी बोलले. "फेल्डमन, वर या. हो, आता. नाही, मी खाली येत नाही, इथे... इथे खुर्ची आहे." फेल्डमन कॉफीचा कप हातात घेऊनच जिना चढून आले आणि गर्दी बघून कप कुठे ठेवावा हे त्यांना कळेना. बर्नडेट उठली, खुर्ची स्वतः उचलून तिने दाराच्या आत ठेवली, पडद्यासमोर, दोघांच्या मधोमध, आणि वहीतलं पहिलं नाव वाचलं.

कच्चं चित्र, पक्कं चित्र, सीटी. दोघं आधी एकमेकांकडे न बघता बोलत होते. नवव्या नावापर्यंत बोटाने एकमेकांना दाखवू लागले. सतरावं आलं तेव्हा साडेअकरा झाले होते. वॉल्ट दारात उभा होता. फेल्डमननी कच्चं चित्र लावलं, सेयर पुढे वाकले. दोघांनी कच्चं चित्र आणि सीटी आळीपाळीने लावून पाहिलं. मग फेल्डमन उठून दाराशी आले.

"मिस्टर बेनेडिक, तुमच्या पत्नीची गाठ फुप्फुसातच होती. खूप वर, लिव्हरपासून लांब. कच्च्या चित्रातही तिथेच आहे, सीटीतही तिथेच. दोघांनी पाहिलं. आमची चूक नव्हती."

वॉल्टने रुमाल काढून नाक शिंकरलं. बर्नडेट वहीत तोंड खुपसून बसली होती, तिचे खांदे हलत होते. सेयरनी मोठा श्वास सोडला, खुर्ची मागे सरकवून उठले आणि घड्याळात पाहत वॉल्टला म्हणाले, "झालं ना तुमचं समाधान? आता जा तुमच्या दारावर."

वॉल्ट जागचा हलला नाही.

"अजून शेहेचाळीस आहेत, डॉक्टर," तो म्हणाला. "बसा खाली."